शहाण्णव हजार चारशे बारा

सीटा सात, त्यांतल्या दोहोंच्या स्प्रिंगा वर आलेल्या. टायर चार आणि एक स्टेपनी. स्टेपनीची नक्षी बाकी चारींपेक्षा खोल. चाव्या दोन, पैकी एक मागच्या दाराला लागत नव्हती. जॅक एक, दांडा नाही. मधल्या सीटखाली लहान मुलाची डाव्या पायाची चप्पल. सीटांच्या शिवणीत जोतिबाचा गुलाल. ओलं फडकं फिरवलं की फडकं गुलाबी व्हायचं आणि शिवण होती तशीच राहायची. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूनं झिजून आतलं लोखंड दिसत होतं. मीटरच्या पट्टीला दोन स्क्रू, दोन्हींच्या डोक्यावर वाळलेल्या लाल रंगाचा एकेक ठिपका. मीटरवर आकडा ९६,४१२.

गारगोटीच्या एका निवृत्त मास्तरांच्या अंगणात उभी राहून मी ही यादी केली. ती वही अजून माझ्याकडे आहे. नऊ वर्षांत पानं पिवळी झाली, पेन्सिल मात्र पुसली गेली नाही.

"सोळा वर्षांची गाडी म्हणून नाक मुरडू नका," मास्तर म्हणाले. "मी तिसरा मालक. शाळा ते घर, घर ते शाळा, आणि वर्षातनं एकदा जोतिबा. आकडा बघा की, लाखाच्या आत हाय."

"आकडा आण्णा बघतील," मी म्हणाले. "एकतीस वर्षं त्यांनी कोल्हापुरात गाड्यांचे मीटरच दुरुस्त केलेत."

मास्तरांनी आण्णांकडे जरा वेगळ्या आदरानं पाहिलं. आण्णा बॉनेटला टेकून उभे होते. आई गेल्यापासून ते कशालातरी टेकूनच उभे राहायचे. त्यांनी दार उघडलं, स्टिअरिंगमागे बसले, आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. मला वाटलं, गाडी त्यांना आवडली.

"आण्णा, बरोबर आहे ना मीटर?"

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग उतरता उतरता म्हणाले, "घे."

आई जाऊन तेव्हा अकरा महिने होत आले होते. नरसोबाच्या वाडीला, संगमावर, तिच्या अस्थी सोडल्या त्या दिवशी आण्णांनी मला विचारलं होतं, "हे पाणी कुठवर जातं गं, तेजू?"

"समुद्रापर्यंत. आंध्रात, हंसलदीवीला."

"किती दिवसांत?"

मी तेव्हा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, भौतिकशास्त्र. नदीचा सरासरी वेग सेकंदाला अर्धा मीटर धरला, पुढची लांबी अकराशे किलोमीटर. उत्तर पंचवीस-सव्वीस दिवस आलं. पण वाटेत आलमट्टी आहे, नारायणपूर आहे, श्रीशैलम आहे, नागार्जुनसागर आहे. धरणं धरली की हे गणित सुटत नाही. एवढं मी त्यांना सांगितलं नाही. "महिना लागेल," एवढंच मी म्हणाले. बरोबर महिन्यानं सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "पोचली असंल का?"

त्यानंतर ते बोलायचेच थांबले. म्हणजे जेवायला वाढू का म्हटलं की हं म्हणायचे, पेपर समोर धरून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं, एकाच पानावर बेचाळीस मिनिटं. उद्यमनगरातलं दुकान त्याआधीच दोन वर्षं बंद होतं. नव्या गाड्यांना आकडे दाखवणारी काच आली, तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. शिवाय त्यांचा उजवा हात कापायला लागला होता.

माझ्या शिकवण्या आणि विद्यावेतन यांतून साठलेलं होतं ते मी त्या गाडीला घातलं. ठरवलं एवढंच, की आईच्या वर्षश्राद्धाला आण्णांना घेऊन समुद्रावर पोचायचं. नदीच्या काठाकाठानं जायचं, रात्री गाडीतच झोपायचं, आणि माघ वद्य सप्तमीला, शुक्रवारी सकाळी, कृष्णा जिथं संपते तिथं उभं राहायचं. ती पोचली हे त्यांना डोळ्यांनी दिसलं तर ते परत येतील, असं मला वाटत होतं. त्या महिन्याअखेर मला बंगळुरूला नोकरीवर हजर व्हायचं होतं. त्यांना त्या खुर्चीत तसंच सोडून मला जाता येणार नव्हतं.

विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गाडीनं?"

"गाडीनं. आईला गाडी लागायची, तुम्हाला कुठं लागते?"

त्यांनी पेपरची घडी केली. मग म्हणाले, "जाऊया."

आईला गाडी लागायची, हे आमच्या घरात ठरलेलं वाक्य होतं. लग्नकार्याला सगळे जीपनं जायचे आणि आई एकटी एस्टीनं यायची, उशिरा, पदरात आल्याचा तुकडा बांधून. एस्टीत ती कधी ओकली नाही. एस्टी जास्त हलते. हे निरीक्षण माझ्याकडे लहानपणापासून होतं.

गाडी आम्ही दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत लावली. शटर वर केलं तेव्हा आत दोन वर्षांची धूळ होती. आण्णांनी आधी टेबल पुसलं, मग स्टूल. त्या स्टुलाची मला आठवण होती. लहानपणी मी गिऱ्हाइकासारखी त्यावर बसायचे आणि आण्णांचे हात बघायचे. टेबलाच्या पलीकडे त्यांनी मला कधी घेतलं नाही. "मीटर खोटं बोलत न्हाई," ते सांगायचे, "बोलतंय ते माणूस." मी ते वाक्य शाळेत निबंधात लिहिलं होतं.

समोरच इकबालचाचांचं गॅरेज. चाचा आणि आण्णा एकाच वर्षी उद्यमनगरात आले. एक इंजिनवाला, एक मीटरवाला. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली.

"काय करायचं म्हंतीस हिचं?"

"मधल्या सीटा काढायच्या, मागं झोपायला फळी करायची, खाली दोन खण. एकात स्टोव्ह, एकात कपडे."

"म्हंजे गाडी न्हवं, लॉजिंग-बोर्डिंग." चाचा आण्णांकडे वळले. "वसंता, पोरगीनं तुला घराबाहेर काढायला घरच चाकावर घातलंय लेका."

आण्णा हसले. मी वहीत लिहिलं नाही, पण तारीख लक्षात आहे.

पुढचे आठ-दहा दिवस चांगले गेले. फळीचं माप आण्णांनीच काढलं: लांबी एकशे शहाऐंशी सेंटिमीटर, रुंदी एकशे एकवीस. माझी उंची एकशे एकोणसाठ, त्यांची एकशे अडुसष्ट. "उशाला जागा लागती," ते म्हणाले. हात कापत होता, पण पेन्सिल कागदाला टेकली की कापणं थांबायचं. प्लाय कापून आणला तेव्हा चाकाच्या उंचवट्याभोवतीची गोलाई एका फटक्यात बसली. खणांना त्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या, रस्त्यात उघडू नयेत म्हणून. दारांची रबरं बदलली, गळणारी खिडकी बंद केली. आण्णा बाहेरून बादल्यांनी पाणी मारायचे, मी आत बसून किती थेंब येतात ते मोजायचे आणि ते ओरडायचे, "आता?" शेवटी मी म्हणाले, "शून्य," तेव्हा ते बादली खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले, शाळेचा निकाल बघावा तसे.

एकदा रबराचं सोल्यूशन शोधताना मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. लहान पेचकस, भिंग, आणि कोपऱ्यात आईची नेलपॉलिशची बाटली, लाल, वाळून दगड झालेली. आईनं नेलपॉलिश लावलेलं मला अंधूकसं आठवत होतं, मी अगदी लहान असताना. त्यांनी ती बाटली इथं जपून ठेवली होती. मी खण हळूच लावला.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. आण्णा प्रत्येक गोष्ट बदलायला सांगत होते.

पहिल्याच दिवशी ते चाचांना म्हणाले, "पुढचे बॉल जॉइंट बघ."

बॉल जॉइंट म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा सांधा; चाचांनी चाक उचलून हलवलं. चाक डुललं.

"शहाण्णव हजाराला एवढे झिजतात?" मी विचारलं.

"गारगोटीचा रस्ता म्हंजे काय सांगू," चाचा म्हणाले, पण बोलताना ते माझ्याकडे न बघता आण्णांकडे बघत होते.

बॉल जॉइंट बदलले. मग ब्रेकचे पाइप, मग चाकांची बेअरिंग. सगळं कोल्हापुरात मिळालं. मला पैशापेक्षा त्यांचा आवाज ऐकू येतोय याचं अप्रूप होतं, म्हणून मी हो म्हणत गेले. मग एका दुपारी ते म्हणाले, "आता टायमिंगचा पट्टा."

हा पट्टा इंजिनाच्या पुढच्या बाजूला झाकणाआड असतो. रबराचा, आतून दातांचा. इंजिनाचे वरचे आणि खालचे भाग एका तालात तोच फिरवतो. चालत्या गाडीत तुटला तर इंजिन जागच्या जागी थांबतं, स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दगडासारखे होतात. घाटात असलो तर पुढचं सांगायला नको. मी गाडीचं पुस्तक आणून दाखवलं.

"यात लिहिलंय, एक लाखाला बदला. आपण शहाण्णववर आहोत."

"बदल म्हंतोय न्हवं."

"चाचा, मिळेल का इथं?"

"ह्या मॉडेलचा? दिल्लीस्नं मागवाय लागंल. आठ-धा दिवस."

तेव्हा निघायला चौदा दिवस होते. मागवला असता तर आला असता. पण मला कारण हवं होतं, आणि आण्णा कारण देत नव्हते. मी म्हणाले, परत आल्यावर बदलू.

त्याच संध्याकाळी कुतूहल म्हणून मी क्लचच्या पेडलचं रबर मोजलं. चाचांकडचं नवं रबर नऊ मिलिमीटर जाड होतं; आमचं जाड बाजूला तीन, पातळ बाजूला शून्य. मी आण्णांना दाखवलं.

"शहाण्णव हजारात सहा मिलिमीटर, आण्णा. फार नाही वाटत?"

"कुणाचा तरी पाय जड असंल," ते म्हणाले, आणि बादली घेऊन नळाकडे गेले.

मी आकडे वहीत लिहिले आणि पान उलटलं.

शनिवारी आम्ही गाडी पन्हाळ्याला नेऊन आणली. घाट चढताना ती कुरकुरली नाही. वर बुरुजापाशी मी नव्या स्टोव्हवर चहा केला आणि आण्णांनी मागची दारं उघडून फळीवर मांडी घातली. ऊन कोवळं होतं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली.

"तुझ्या आईला हे दाखवाय पायजे होतं," ते म्हणाले.

"ती बसली असती का गाडीत?"

"न्हाई."

उतरताना ते दरवाजावरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. खाली सपाटीला लागलो तसा त्यांनी हात सोडला. बोटं पांढरी पडली होती.

"तेजू, पट्टा बदलल्याशिवाय आपण जायचं न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. "आण्णा, मंगळवारी निघायचंय. आता मागवला तर पुढच्या रविवारी येईल. सप्तमी शुक्रवारी आहे."

"असू दे."

"असू दे म्हणजे? वर्षश्राद्ध आहे आईचं. पुन्हा येणार आहे का ते?" मी मीटरकडे बोट दाखवलं. "हे बघा. शहाण्णव हजार पाचशे एकतीस. जाऊन-येऊन, इकडंतिकडं धरून अडीच हजार. नव्याण्णव हजार एकतीस. लाखाला नऊशे एकोणसत्तर कमी. मी काय डोळे मिटून चाललेय का?"

"पुस्तकातलं सोड."

"का सोडू? कारण सांगा. एक कारण सांगा, मी आत्ता फोन करते."

ते समोरच्या काचेतून ऊस वाहून नेणारी बैलगाडी बघत होते. ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

"एकतीस वर्षं लोकांचे मीटर दुरुस्त केलेत तुम्ही," मी म्हणाले. "'मीटर खोटं बोलत नाही' म्हणून मला वाढवलंत. आणि आता तुमचाच त्याच्यावर विश्वास नाही. तुम्हाला यायचंच नाही, आण्णा. तसं सांगा. पट्ट्याच्या मागे लपू नका."

मी गाडी सुरू केली. रविवारी ते दुकानाकडे आले नाहीत. मी एकटीनं फळीवर गादी घातली, पाण्याचे दोन कॅन भरले, प्रथमोपचाराची पेटी, दोरी, दोन टॉर्च, मेणबत्त्या अर्धा डझन. श्राद्धाचं सामान वेगळ्या पिशवीत: काळे तीळ, दर्भ, तांदूळ, आईचा फोटो. चाचा तोंडात सुपारी धरून बघत होते.

"पोरी, बापाचं ऐक."

"चाचा, तुम्ही तरी कारण सांगा."

"ते मी न्हाई सांगायचं," चाचा म्हणाले. "माझं न्हाई ते."

सोमवारी दुपारी मी स्टोव्हचं इंधन, चटणी आणि भाकरीचं पीठ आणायला शाहूपुरीत गेले. चारच्या सुमाराला परत आले तर चाचा दुकानाच्या पायरीवर तेलाच्या डब्यावर बसले होते. त्यांच्या हातात विडी होती, पेटवलेली नव्हती.

"गाडीत बस जा," ते म्हणाले.

आण्णा दुकानात टेबलाशी उभे होते. दिवा लावलेला, भिंग बाहेर, बोटांना काळं. ते कशाला टेकून नव्हते. फडक्यानं एकेक बोट पुसत होते आणि त्यांचा उजवा हात खांद्यापासून कापत होता.

मी गाडीत बसले. आत थिनरचा वास होता. मीटरच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू नुकतेच आवळलेले, आणि त्यांच्या डोक्यावर एकेक ओला लाल ठिपका. मी एकाला बोट लावलं. बोटाला लागला.

मग मी आकडा वाचला. २,१३,४७१. शेवटचा एक नीट बसला नव्हता, जरा वर सरकलेला होता.

आण्णा खिडकीपाशी आले. त्यांनी आत हात घालून माझ्या मांडीवर एक चकती ठेवली, मीटरच्या आतला पांढरा पत्रा, चहाच्या बशीएवढा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, बारीक, सरळ, न कापलेल्या हातानं: एक तारीख, मी अकरा वर्षांची असतानाची. खाली १,५८,९४०. त्याखाली बाण, आणि ४२,०००. कोपऱ्यात आण्णांची आद्याक्षरं, व. सु.

मी वजाबाकी केली, मग बेरीज. एक लाख सोळा हजार नऊशे चाळीस, अधिक शहाण्णव हजार पाचशे एकतीस. बरोबर येत होतं.

"ज्यांच्याकडं शिकलो त्या उस्तादांची शिस्त होती ती," आण्णा म्हणाले. "बाहेर गिऱ्हाईक सांगंल तो आकडा लाव. आत खरा लिही. पुढच्या कारागिराला कळाय पायजे. वर नेलपॉलिशचा ठिपका, म्हंजे कुणी उघडलं तर समजतंय."

"किती गाड्या, आण्णा?"

"जुन्या गाड्यांचे यापारी आणायचे. आठवड्याला दोन. तीन."

"गारगोटीलाच कळलं होतं तुम्हाला."

"ठिपका बघितला की."

"मग 'घे' का म्हणालात?"

ते गाडीच्या टपावर हात ठेवून उभे होते. मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त सदऱ्याची बटणं.

"तिथं बोललो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं. म्हटलं, घेऊ दे. आपण एकेक करून सगळं बदलून टाकू. मग आकडा कसला का असंना." मग ते म्हणाले, "बॉल जॉइंट तर पयल्याच दिवशी बदलले."

बॉल जॉइंट. मी तो शब्द मनात दोनदा म्हटला. पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या आधी.

विलासमामा आईचा एकुलता एक भाऊ. कोल्हापूर ते गगनबावडा वडापची जीप चालवायचा, माणसं कोंबून, दारात लोंबकळत हाका मारत. मी तेरा वर्षांची असताना घाटात त्याची जीप दरीत गेली. मामा आणि आतल्या दोन बायका. ब्रेक लागले नाहीत, असं मला सांगितलं होतं.

"ते ब्रेकमुळं नव्हतं," मी म्हणाले.

"पुढचं चाक दुमडलं. बॉल जॉइंट निसटला."

"त्याचा मीटर तुम्ही केला होता?"

"जीप घेतली तेव्हा मला दाखवाय आणली विलासनं. ठिपका माझाच. यापारी दुकानात उभा होता. विलास म्हणाला, भावजी, साठ हजार बरोबर हाय का? बरोबर असंल तर पुढच्या चाकांचं काम आत्ता करत न्हाई, सहा महिन्यांनी करतो." आण्णांनी टपावरचा हात काढला. "म्हटलं, बरोबर हाय."

चाचांनी विडी पेटवली आणि लगेच पायाखाली विझवली.

"त्यापुढं एक पण केला न्हाई," आण्णा म्हणाले. "त्याच्या आधीचे मात्र फिरत हैत रस्त्यावर."

"आईला माहीत होतं?"

"तेरावं झाल्यावर सांगितलं."

"काय म्हणाली?"

"काय न्हाई. भाकरी वाढली."

समोरच्या गॅरेजात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. ठोके सारख्या अंतरानं येत होते.

"दुसऱ्या दिवशी तिची ती बाटली मला डब्याबरोबर दिली," आण्णा म्हणाले. "म्हणाली, दुकानातच असू द्या. आणि तवापास्नं एस्टीनं जायला लागली."

मी मांडीवरची चकती उचलून पुढच्या सीटवर ठेवली, श्राद्धाच्या पिशवीशेजारी. मग गाडीतून उतरले. आण्णा बाजूला झाले आणि त्यांनी बॉनेटची कळ ओढली.

"चाचा," मी म्हणाले, "पट्ट्याचं झाकण काढायचंय."

चाचांनी पान्हे आणले. पंखा काढला, पंख्याचा पट्टा काढला, मग झाकणाचे सात बोल्ट. सातवा अडकला, त्याला तेल सोडून थांबावं लागलं. ऊन शटरवरून खाली उतरलं होतं आणि गाडीच्या काचेआड, नव्या गादीच्या टोकाशी, आण्णांनी ठेवलेल्या दोन उशा दिसत होत्या.

पट्टा निघाला. चाचांनी तो दोन बोटांत धरून माझ्या हातात दिला. मी दुकानातल्या टेबलाशी गेले, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, दिव्याखाली. आण्णांचं भिंग डोळ्याला लावलं. पट्टा उलटा केला, एका दातावर खडूची खूण केली आणि तिथून मोजायला लागले.

आण्णा दारात पाठ करून उभे होते, रस्त्याकडे बघत.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी खूण केलेल्या दातापासून पुन्हा एकदा मोजलं.

"एकूण एकशे एक्कावन्न दात," मी म्हणाले. "मुळाशी तडे गेलेले, चौतीस. अर्धे सुटलेले, तीन."